उसना दम

ट्रेडमिलचा चढ वाढवला तरी भालचंद्र मगदूम बोलायचे थांबले नाहीत. शाहूपुरीतल्या आपल्या हार्डवेअरच्या दुकानासमोर महापालिकेने खणून ठेवलेल्या खड्ड्याची कथा ते धावता धावता सांगत होते आणि त्यांच्या आवाजात धाप नव्हती. छातीवरच्या पट्ट्यातून पडद्यावर उमटणारी नाडी संथ आणि भरदार होती. लांब पल्ल्याच्या धावपटूला शोभावी अशी. ती येत होती मात्र एका अवाढव्य पोटामागून.

काचेपलीकडे उभ्या असलेल्या डॉ. वैजयंती सरनोबतला ते दृश्य ओंगळ वाटलं.

वैजयंती विद्यापीठासाठी धावलेली बाई. पहाटे जोतिबाचा घाट चढताना तोंडात येणारी रक्ताची चव तिला अजून आठवत होती. पायाची नखं काळी पडून गळून गेली होती. दम अशानेच कमावायचा असतो, ही तिची श्रद्धा होती. जानेवारीत जिमची वर्षाची फी भरून होळीपर्यंत गायब होणारे, घरी ट्रेडमिल आणून तिच्यावर टॉवेल वाळत घालणारे, रंकाळ्याला एक फेरी मारून थेट मिसळीवर जादा कट मागणारे, या सगळ्यांना ती मनातल्या मनात एकाच नावाने हाक मारायची. ते नाव चारचौघांत घेण्यासारखं नव्हतं.

आणि अशाच माणसांसाठी ती दमपट्टी बनवत होती.

सुरुवात तशी नव्हती. माणूस धावला की त्याचे स्नायू रक्तात काही रेणू सोडतात. ते हृदयाला सांगतात, मोठं हो. रक्तवाहिन्यांना सांगतात, रुंदावा. पेशींतल्या ऊर्जाघरांना सांगतात, वाढा. वैजयंतीने त्यांना श्रमदूत असं नाव दिलं होतं. शिरोलीच्या प्रयोगशाळेत तिने काचेच्या मोठ्या कुंडात स्नायूंच्या पेशी वाढवल्या, विजेच्या झटक्यांनी त्यांना अहोरात्र राबवलं आणि त्यांनी सोडलेले श्रमदूत गोळा केले. बारीक सुयांच्या, तळहाताएवढ्या पट्टीतून ते अंगात सोडले की माणूस न धावता त्याचं हृदय धावपटूचं होऊ लागे. तिच्या डोळ्यांसमोर हृदयविकाराने अंथरुणाला खिळलेले रुग्ण होते.

‘प्राणवेग’ कंपनीचा मालक कौस्तुभ शेटे याच्या डोळ्यांसमोर दुसरेच होते. “मॅडम, अंथरुणावरचे थोडे असतात,” तो म्हणाला होता, “सोफ्यावरचे मोजता येत नाहीत.” कुंडं त्याची होती, वीज त्याची होती. त्यामुळे प्रयोग वजन कमी करण्याचा ठरला. धावणारी माणसं बारीक असतात, तेव्हा धावपटूचं शरीर मिळालं की वजन आपोआप उतरेल, हे सगळ्यांनी गृहीत धरलं. वैजयंतीनेही.

मगदूम ट्रेडमिलवरून उतरून वजनकाट्यावर उभे राहिले. काटा गेल्या महिन्यापेक्षा पुढे गेला. त्याआधीच्या महिन्यातही तो पुढेच गेला होता. प्रयोगातल्या बाकीच्यांचीही तीच गत होती. जिने चढताना कुणालाच धाप लागत नव्हती आणि जवळपास प्रत्येकाला कपडे घट्ट होत होते.

“काय खाताय तुम्ही?” वैजयंतीने विचारलं.

“तुमच्या आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलंय तेच की ओ. वाटीने मोजून.”

“मगदूम, मी लहान मूल नाही.”

मगदूमांनी रुमालाने मान पुसली. “मग कोंडून ठेवा की मला कुठंतरी. बघा स्वतःच.”

त्यांनी हे चिडून म्हटलं होतं. वैजयंतीने शब्दशः घेतलं. प्रयोगशाळेत एक श्वासघर होतं, पलंग, टेबल आणि संडास असलेली हवाबंद खोली. आत जाणारी आणि बाहेर येणारी हवा मोजून आतला माणूस किती ऊर्जा जाळतो ते त्यावरून कळे. मगदूम आठवडाभर तिथे राहिले. ताट मोजून आत जाई, मोजून बाहेर येई. वैजयंती कॅमेऱ्यावर अधूनमधून नजर टाकी. गादीखालून फरसाणाची पुडी निघेल अशी तिला आशा होती. मगदूम नेमकं तेवढंच खात, बोटं चाटत, बायकोला फोन करून दुकानाची चौकशी करत आणि भिंतीकडे बघत बसत. पुडी निघाली नाही. वजन थोडं वाढलं.

डॉ. इरफान मुजावर हा शरीरातल्या ऊर्जेच्या जमाखर्चाचा तज्ज्ञ नुकताच बंगळुरूहून गावी परतून तिच्या प्रयोगशाळेत रुजू झाला होता. आठवडा संपल्यावर तो आलेख घेऊन तिच्या खोलीत आला.

“मॅडम, मगदूम खोटं बोलत नाहीत. त्यांचं शरीर जाळतंच कमी. पट्टी लावायच्या आधी बसल्याजागी जेवढं जाळायचं, त्यापेक्षा बरंच कमी.”

“दम वाढला की शरीर जास्त जाळतं, इरफान.”

“धावताना जास्त जाळतं. धावणं संपल्यावर?” मुजावरने खुर्ची ओढली. “दिवसभर रानात वणवण करणारा आणि दिवसभर गल्ल्यावर बसणारा, दोघांचा चोवीस तासांचा खर्च मोजला तर आपल्याला वाटतो तेवढा फरक निघत नाही. शरीर संसार चालवावा तसं चालतं. पायांवर खर्च झाला की दुसरीकडे हात आखडतं. अंगातली सूज कमी करतं, ताणाची संप्रेरकं कमी करतं, ऊब कमी करतं, डागडुजी पुढे ढकलतं.”

“हे मला माहीत आहे.”

“मग आपण पट्टीतून शरीराला काय कळवतोय? की हा माणूस आज डोंगर चढून आला. शरीर विश्वास ठेवतं. हृदय तयार करतं, ऊर्जाघरं वाढवतं आणि त्याच भरवशावर बाकीचा खर्च कापतं. डोंगर मात्र कुणी चढलेलाच नाही. कपात खरी, खर्च खोटा. उरलेलं सगळं पोटावर जमा.”

वैजयंतीने आलेख स्वतःकडे ओढला. दम म्हणजे काटकसर, हे आयुष्यभर धावलेल्या बाईला कळायला हवं होतं. सरावाने तोच घाट तिला दरवर्षी स्वस्त पडत गेला होता, त्याचा तिने अभिमानच बाळगला होता.

तिने मगदूमांना बोलावून सगळं सांगितलं. सांगताना आवाजातला तुसडेपणा गेला नाही. “आम्ही तुम्हाला दम दिला. तो वापरायचा होता तुम्ही. पण धावायचं असतं तर पट्टी कशाला लावून घेतली असती, नाही का?”

मगदूम म्हणाले, “मॅडम, मी धावून बघितलं न्हाई असं न्हाई. रंकाळ्यावर गेलो, जिम लावली, घरात दोरीच्या उड्या मारल्या. खालच्या भाडेकरूने वर येऊन विचारलं, काय पडलं म्हणून. दहा-वीस पावलांत छाती फुटायची. बारीक माणूस दमला तर लोक म्हणतात, शाब्बास. जाडा दमला की मोबाईल काढतात. तुम्ही बारीक असतानाच पळायला लागला असाल.”

“हो.”

“मग तुम्हाला पहिला महिना माहीतच न्हाई.” ते उठले. “आता छाती फुटत न्हाई. म्हणजे आता पळता येईल की मला. हे आधी कुणी सांगितलंच न्हाई. तुमच्या कागदावर लिहिलं होतं, हलायची गरज नाही.”

कागदावर तसंच लिहिलं होतं. ते वाक्य शेट्याचं होतं, पण खाली सही वैजयंतीची होती.

मगदूम दुसऱ्या दिवसापासून दुकानाच्या माळ्याचे जिने चढू-उतरू लागले. मग जिममध्ये जाऊन सायकलवर बसले, मग थोडं जोरात, थोडं सावकाश अशा आळीपाळीने पळू लागले. पावसाळ्यापासून थंडीपर्यंत आणि थंडीनंतरही ते थांबले नाहीत. आता शरीराने केलेली कपात आणि पायांनी केलेला खर्च एकमेकांना भेटू लागले आणि काटा मागे यायला लागला, अगदी हळूहळू. वैजयंतीला त्यांचं कौतुक वाटलं नाही. पण त्यांना तुच्छ लेखायला पूर्वी जेवढी सहज ताकद यायची, तेवढी आता येईना, आणि त्याचाही तिला राग आला.

प्रयोगाचा पूर्ण अहवाल तिने मे महिन्यात कौस्तुभ शेट्याला पाठवला. पट्टीने वजन वाढतं, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. तो हबकेल, आरडाओरडा करेल, तिला काढून टाकेल, अशी तिची अटकळ होती. बोलावणं आलं तेव्हा ती राजीनामा मनात तयार ठेवूनच गेली.

शेटे हसत होता. त्याच्या पाठीमागच्या भिंतीवर त्याचंच उघड्या अंगाचं छायाचित्र होतं, पोटावरचे स्नायू फरशीसारखे आखलेले. कंपनीच्या सगळ्या जाहिरातींवर हेच पोट होतं. तो सकाळ-संध्याकाळ जिममध्ये जाई, दिवसातून एकदाच जेवे आणि हे भेटेल त्याला सांगे.

“मॅडम, तुम्हाला कळलंय का तुम्ही काय शोधलंय?”

“सोफ्यावरच्या माणसांना आणखी जाड करायचं साधन.”

“ते सोडा. त्यांच्याकडे बघूच नका.” त्याने अहवालातली एक ओळ वाचून दाखवली. “‘पट्टी लावलेलं शरीर तेच काम कमी अन्नात करतं.’ गोदामं, मॅडम. दिवसभर ओझी उचलणारी माणसं. राहायला शेड कंपनीची, जेवण कंपनीचं. दमणार नाहीत आणि खातील कमी. गोदामवाल्या कंपनीशी करार तयार आहे, सोमवारी पहिली खेप जाईल.”

वैजयंतीला आधी नीट समजलं नाही. समजलं तेव्हा ती बसली.

“मगदूमांच्या अंगात कापण्यासारखं बरंच होतं,” ती म्हणाली. “सूज होती, साठा होता. त्यांना ती कपात मानवली. ओझी उचलणारा माणूस आधीच वाळलेला असतो. त्याचं शरीर एकदा खऱ्या कामासाठी कापतं. पट्टी सांगणार, तू आणखी तेवढंच केलंस. वर तुम्ही त्याचं ताट लहान करणार. मग ते शरीर कापणार कुठे? आधी ऊब जाईल. मग जखमा भरायच्या थांबतील. बायकांची पाळी जाईल. मग साधा ताप येईल आणि त्याच्याशी भांडायला आत कुणी नसेल.”

“असं व्हायला किती काळ लागेल?”

“नक्की सांगता येणार नाही. दहा महिने, वर्ष.”

शेट्याने मान डोलावली. “कामगारांचं कंत्राट अकरा महिन्यांचं असतं, मॅडम. नंतर नवी माणसं येतात.”

तो हे कसलाही आविर्भाव न आणता म्हणाला. वैजयंती त्याच्याकडे बघत राहिली. आयुष्यभर आपण तिरस्कार फुकट उधळला, असं तिला वाटलं. पोट सुटलेल्यांवर, धापा टाकणाऱ्यांवर, मिसळ खाणाऱ्यांवर. खरा लागायच्या वेळी तो पुरेल की नाही याची शंका यावी, इतका.

मग तिच्या लक्षात आलं की आपल्याला दरदरून घाम आलाय. बाहेर कोल्हापूर भाजून निघत होतं आणि खोलीतला एसी बंद होता. खिडक्या बंद होत्या. शेट्याच्या अंगात जाकीट होतं आणि तो बोलता बोलता तळहात एकमेकांवर घासत होता.

“तुम्हाला थंडी वाजतेय?”

“थोडी कणकण आहे. जातच नाही.”

“पट्टी कधीपासून लावताय?”

“पट्टी तयार झाली तेव्हापासून. प्रयोगातला नोंदणी केलेला पहिला माणूस मीच, सगळ्या मुलाखतींत सांगतो ना मी. तपासणीला मात्र कधी आलो नाही.” तो थांबला. तळहात घासायचे थांबले.

“कुठे लागलंबिगलंय का?” वैजयंतीने विचारलं.

शेट्याने विजारीचा एक पाय वर केला. नडगीवर बँडेज बांधलेलं होतं. तिने ते सोडवलं. खालची जखम बोटभरच होती, पण कडा पांढुरक्या आणि आतून ओली.

“जिममध्ये वजनाचा बार लागला,” तो म्हणाला. “होळीच्या आधी.”

“दोन वेळा व्यायाम, एक वेळ जेवण आणि वर पट्टी,” वैजयंती म्हणाली. “गोदामातल्या माणसाचं जे होईल म्हणून मी सांगितलं, ते तुमचं होऊन चुकलंय.”

“पट्टी काढली तर भरून येईल?”

“माहीत नाही. आतून किती कापलं गेलंय, ते रक्त बघितल्याशिवाय कळणार नाही.”

“मग बघा. आत्ता बघा.”

“बघते. पण तुम्ही नोंदणी केलेले आहात. तपासणी केली की नोंद होते. अपाय दिसला की प्रयोगावर देखरेख करणाऱ्या सुरक्षा मंडळाला कळवावं लागतं आणि त्यांचा निर्णय येईपर्यंत ही पट्टी नव्या माणसाच्या अंगाला लावता येत नाही. गोदामातल्यासुद्धा नाही.”

“नोंद न करता करा.”

“नाही.”

“मी बाहेर करून घेईन.”

“श्रमदूत मोजायचं यंत्र बाहेर कुणाकडे आहे? तुम्हीच ते बाहेर जाऊ दिलं नाहीत.”

शेट्यासमोर करार पडला होता. त्याने त्याच्याकडे पाहिलं, मग नडगीकडे पाहिलं, मग पुन्हा कराराकडे. वैजयंती वाट बघत होती. तिला त्याची दया यायला हवी होती. ती शोधूनही सापडली नाही. गोदामातल्या शेकडो माणसांचा विचार करायला या माणसाला क्षणही लागला नव्हता आणि आता एका नडगीसाठी त्याच्या कपाळावर, थंडी वाजत असतानाही, घाम फुटला होता.

शेवटी त्याने फोन उचलला. “सोमवारचं थांबवा,” एवढंच म्हणाला आणि ठेवला. मग जाकिटाची एक बाही काढून हात टेबलावर लांब केला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

वैजयंतीने खालून साहित्य मागवलं आणि दंडाला पट्टा आवळला. शीर शोधावी लागली नाही. त्या हातावर चरबी औषधालाही नव्हती.