तिरकी रेघ

बाहेरचा दिवा राहू दे बंद. अंधारात ऐकायचं म्हणालात ना, मग आता कुरकुर नको. ही गोष्ट कुठे वाचलेली नाही. मी सूक्ष्मदर्शक दुरुस्त करतो, त्यामुळे एका प्रयोगशाळेत माझं जाणं-येणं असतं. तिथल्या संगणकवाल्याची ही हकिकत, गेल्या डिसेंबरातल्या शेवटच्या शनिवारची.

त्याचं आणि बायकोचं काम एकाच खोलीत. ती डिशमध्ये पेशी वाढवायची. तळ भरला की बारीक टोकाने मधोमध एक रेघ ओढायची, म्हणजे जखमच करायची म्हणा ना. मग दोन्ही काठांवरच्या पेशी सरकत सरकत रेघ बुजवायच्या आणि एकमेकींना टेकल्या की थांबायच्या. याने तेच संगणकात मांडलं होतं. रेघेचा फोटो दिला की जखम कशी भरेल ते पडद्यावर दिसायचं. बाई डावखुरी, रेघ कायम तिरकी. त्यावरून हा तिला भारी छळायचा. संध्याकाळी "चल घरी" म्हटलं की तिचं ठरलेलं उत्तर, "थांब ना जरा."

ती गेली. पोटात गाठ झाली होती. गाठीतल्या पेशींचं तेच तर दुखणं, शेजारीण टेकली तरी त्या थांबत नाहीत. मग हा गडी संगणकातल्या गाठींच्याच मॉडेलला चिकटून बसला. घरी जाणं त्याच्या जिवावर यायचं. चहाला अजून दोन कप काढायचा आणि एक परत ठेवायचा.

तिच्या हातची एक डिश मात्र त्याने जगवली होती. तिच्यातली रेघ केव्हाच बुजलेली. साहेबांनी सांगितलं, सोमवारच्या आत पेशी ठेवायचं ते उबेचं कपाट रिकामं करा. म्हणून त्या रात्री साडेअकराच्या सुमारास हा ती डिश टाकायला गेला.

टाकण्याआधी, शेवटचं एकदा म्हणून, त्याने त्याच डिशमधल्या रेघेचा जुना फोटो मॉडेलला दिला. आणि इथे चुकला. महिनोन्‌महिने गाठींवर काम केलेलं, त्यामुळे 'टेकलं की थांब' हा नियम बंदच राहिला होता. म्हणजे पेशींनी रेघ बुजवून एकमेकींच्या अंगावर चढायला हवं होतं.

पेशी निघाल्या. काठापर्यंत आल्या.

थांबल्या.

त्याने नियम पाहिला. बंदच. पुन्हा चालवलं. पुन्हा काठावर... ओळीने उभ्या. मधे तिची रेघ. रिकामी.

"माझंच काहीतरी चुकतंय," तो मोठ्याने म्हणाला. ऐकायला कुणी नव्हतं.

उठला. उबेच्या कपाटातून डिश काढली. पेशी मारायला ब्लीचची बाटली उघडली. एवढंच उरलं होतं तिचं. बाटली कलती केली...

मागे स्टूल करकरलं.

"थांब ना जरा."

तो वळला नाही...

कितीतरी वेळ.

"घाबरलास?" मी नंतर विचारलं.

"नाही हो. रडलो. वळलो असतो तर ती गेली असती, असं वाटलं. उजाडेपर्यंत तसाच पाठमोरा उभा राहिलो."

सकाळी मला त्याचा फोन आला. सूक्ष्मदर्शकाचं भिंग बिघडलंय, लगेच या. मी गेलो, भिंग पुसलं, तपासलं. भिंगात काडीचाही दोष नव्हता. डिशमध्ये मधोमध ताजी रेघ होती. तिरकी.

डिश टाकली का म्हणता? छे. साहेबांशी भांडून ठेवून घेतली त्याने.

अशी रेघ दीड-दोन दिवसांत बुजते. मी परवाच तिकडे जाऊन आलो. दोन्ही काठांवरच्या पेशी जिवंत आहेत... हलताहेत.

रेघ तशीच आहे.