ओटीतला पुडा

दादरच्या त्या ग्रंथालयात जुन्या इंग्रजी शब्दकोशाचा तो जाडजूड खंड एकच होता, आणि त्यावर एकाच वेळी दोन हात पडले.

"मी आधी," ऋग्वेदा कीर्तिकर म्हणाली.

"कुठला शब्द हवाय तुम्हाला?"

"इम्प्लीट. जुना आहे. म्हणजे भरणे."

समोरच्या मुलानं हात काढला नाही. "मलापण... तोच हवाय."

कोणी उघडत नाही असा खंड, कोणी वापरत नाही असा शब्द, आणि त्यासाठी आलेली दोन माणसं! ऋग्वेदाला असा धक्का बसला की तो लपवायला तिनं चष्मा काढून पुसला.

मुलाचं नाव हितेंद्र परब, राहणारा लालबागचा. परळच्या एका कंपनीत तो मोबाइलवरचे शब्दखेळ बनवायचा, आणि पुढच्या खेळासाठी त्याला 'भरणे' या अर्थाचे विसरले गेलेले इंग्रजी शब्द हवे होते. ती गिरगावातल्या एका प्रकाशकाकडे इंग्रजी-मराठी कोशाच्या नव्या आवृत्तीवर काम करत होती. खंड एकच, म्हणून दर शनिवारी एकाच टेबलावर बसायचं ठरलं. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

"फार्स म्हणजे पूर्वी सारण भरणं?" तो म्हणाला. "म्हणजे आईची भरली वांगी हा फार्सच की!"

"काकींना सांगू का?"

"जेवण बंद होईल माझं. हे बघ, प्लेनिश. घर सामानसुमानानं भरणं. स्कॉटलंडमध्ये नवरीच्या..." तो थांबला.

"नवरीच्या काय?"

"...भांड्याकुंड्यांना म्हणायचे. असं इथे लिहिलंय. मी नाही म्हणत."

त्याचे कान लाल झाले होते. ऋग्वेदानं मुद्दामच पान उलटलं नाही.

पण काम संपत आलं. पानं छपाईला जाणार होती आणि एकच चित्र राहिलं होतं. संपादक श्यामकांत सरांचा हट्ट होता की 'भरणे' या अर्थाच्या शब्दांच्या पानावर मराठी घरातला प्रसंग हवा, आणि चित्रकारानं तो खऱ्या फोटोवरूनच काढायला हवा. प्रसंग ठरला ओटी भरण्याचा.

"आमच्याकडे मी आणि बाबाच," ऋग्वेदा म्हणाली. "आई गेल्यापासून ओटी भरणारं घरात कोणी नाही."

"मग आमच्याकडे ये ना. आई भरेल. फोटोपुरती."

फोटोपुरती. त्यानंतर तो खंड कपाटात जाणार होता आणि शनिवारी भेटायला काही कारण उरणार नव्हतं. हे दोघांनाही ठाऊक होतं. बोलत मात्र कोणीच नव्हतं.

ठरल्या दिवशी ऋग्वेदा आईची साडी नेसून लालबागच्या चाळीत आली. हितेंद्रच्या आईनं, सुभद्राकाकींनी, पाट मांडला होता. शेजारच्या बेबीमावशी दारात उभ्या होत्या. हितेंद्रनं फोन वर धरला.

"फोटोपुरतंच आहे हं, काकी."

"फोटोपुरती ओटी नसता गो बाय. भरूची तर खरी भरूची."

काकींनी कुंकू लावलं. मग पदरात तांदूळ पडले, खण आला, हळकुंड-सुपारी आली, नारळ आला. ऋग्वेदाला एकदम आईची आठवण आली. तेवढ्यात काकींनी सगळ्यात वर लाल कागदात बांधलेला साखरेचा पुडा ठेवला.

ऋग्वेदा थिजली. ओटीतल्या जिनसा तिला पाठ होत्या, कोशासाठी तिनंच त्या लिहिल्या होत्या. साखरेचा पुडा फक्त ठरलेल्या सुनेच्या ओटीत घालतात.

"गो सुभद्रा!" बेबीमावशी ओरडल्या. "ठरला आणि आमका सांगूक नाय?"

हितेंद्रच्या हातातून फोन पडला. "आई! ह्या काय केलंस?"

"तुका जमला नाय, ता मी केलंय. दर शनवारी इस्त्रीचो शर्ट घालून लायब्ररीत जातंस. माका कळत नाय?"

"काकी..." ऋग्वेदा पाटावरून उठली. "मला कोणी विचारलंच नाही."

आता धक्का काकींच्या चेहऱ्यावर होता. "व्हय गो बाय... तुका इचारूक होया होता. ता माझा चुकला."

ऋग्वेदानं वाकून नमस्कार केला, पदर घट्ट धरला आणि ओटीसकट जिना उतरून गेली. हितेंद्रचे पाय हललेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गिरगावातल्या तिच्या घराच्या दारात उभा होता. शर्टाला इस्त्री नव्हती.

"सॉरी. आईला पण वाईट वाटतंय. तो पुडा दे परत. चाळीत मी सांगतो सगळ्यांना. आणि फोटो... तो आलाच नाही."

"सर भरल्या वांग्यांचं चित्र चालवून घेतील. आणि ओटी परत देत नाहीत, हितेंद्र."

आतून दुधात शिजणाऱ्या तांदळाचा आणि वेलचीचा वास येत होता.

"तू... ते तांदूळ शिजवलेस?"

"काल मी काकींवर नाही चिडले. तुझ्यावर चिडले. त्यांनी सगळ्यांसमोर हिंमत केली, आणि तू नुसता फोन धरून उभा!"

"मला वाटलं, विचारलं आणि तू नाही म्हणालीस... तर शनिवारही जातील."

"शनिवार तसेही संपलेत. आता काय जाणार आहे तुझं?"

"ऋग्वेदा... मला तू आवडतेस. त्या पहिल्या दिवशी, तू चष्मा पुसत होतीस ना... तेव्हापासून. लग्न करशील माझ्याशी?"

ती आत गेली. तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. ती परत आली तेव्हा तिच्या हातात तो लाल पुडा होता, जसाच्या तसा बांधलेला.

"खिरीत अजून साखर घातली नाही," ती म्हणाली. "थांबले होते मी. सोड दोरा."

त्याला गाठ सुटेना. शेवटी कागदच फाटला आणि अर्धी साखर उंबऱ्यावर सांडली.

"बाबा," ऋग्वेदानं हसत आत हाक मारली, "मोठा डबा काढून ठेवा. लालबागला न्यायचाय."

"अगं पण," हितेंद्र गोंधळला, "ओटीचे तांदूळ घराबाहेर देत नाहीत ना?"

"नाहीच देत," ती म्हणाली. "घरातल्यांनीच खायचे असतात."