पालाकियाच्या कड्याखाली

पालाकिया डोंगराच्या माथ्यावर, दगडांच्या कोनाड्यात, एक लाल-पांढरा गळपट्टा ठेवलेला होता. जिल्ह्यातल्या स्काउट पथकांपैकी जे पथक तो सगळ्यात आधी खाली आणील, त्याला जावा बेटावरच्या मोठ्या स्काउट मेळाव्याला जायला मिळणार होतं. बोन्तोलासा गावातल्या एकाही मुलाने अजून समुद्र ओलांडला नव्हता. चढाईची पहिली पाळी बोन्तोलासाची निघाली, दुसऱ्या दिवशी शेजारच्या पथकाची होती. म्हणून त्या पहाटे नऊ मुलं आणि दोन मोठी माणसं कॉफीच्या मळ्यांतून वर निघाली, तेव्हा सगळ्यांचेच पाय जरा जास्त जोरात पडत होते.

पुढे रोस्मियाती होती. बाजारातल्या औषधांच्या दुकानात ती कामाला होती आणि पथक सांभाळायला दुसरं कुणी पुढे येईना, म्हणून वर्षापूर्वी तिने होकार दिला होता. सगळ्यांच्या मागे बहारुद्दीन होता. त्याचे केस या कामातच पिकले होते. मुलं दोघांना ताई आणि दादा म्हणत. रोस्मियातीही त्याला दादाच म्हणायची, कारण तिला जे काही येत होतं ते त्याने शिकवलेलं होतं. सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या चालीने चाला. परतीची वेळ घरीच ठरवा, डोंगरावर ठरवू नका. आणि शेवटचा माणूस कधीही पुढे येत नाही, काही झालं तरी.

परतीची वेळ दुपारच्या नमाजाची ठरली होती.

सगळ्यात हळू चालणारा होता आसरुल. बारा वर्षांचा, गोल अंगाचा, तोंडाचा पट्टा सतत चालू. "माथा आपल्याकडे चालत येत नाही का गं, तेन्री? मी इथेच थांबलो असतो."

"तू थांबलास तर माथाही झोपेल," तेन्री म्हणाली. ती तुकडीची नायिका, पंधरा वर्षांची आणि जिभेने तिखट.

दाट जंगल लागलं तसा आसरुल आणखी मागे पडू लागला. रोस्मियातीने मागे वळून पाहिलं. ऊन कोवळं होतं तोवर निम्मी वाट व्हायला हवी होती, ती झाली नव्हती. तिने रिद्वानला, सगळ्यात दांडग्या मुलाला, हाक मारली. "त्याची पिशवी तू घे. त्याला जरा हलकं होऊ दे."

रिद्वानने दुसरी पिशवी छातीवर अडकवली. आसरुल हात हलवत चालू लागला आणि खरंच वेग वाढला. रोस्मियातीला स्वतःची हुशारी आवडली.

कड्याचा टप्पा आला तेव्हा धुकं उतरलं होतं. पुरुषभर उंचीची ओली शिळा चढायची होती. दोर बांधावा लागणार होता आणि रोस्मियातीच्या गाठीवर तिचा स्वतःचाच विश्वास नव्हता. "दादा, जरा येता का?" तिने वरून विचारलं. बहारुद्दीन मुलांच्या कडेने पुढे आला. त्याने दोर बांधला, एकेकाला वर घेतलं. शेवटी रिद्वान चढला, पुढे-मागे दोन पिशव्या घेऊन.

"झाले सगळे?" बहारुद्दीनने विचारलं.

"झाले," कुणीतरी म्हणालं.

नमाजाची वेळ उलटून गेली होती. धुकं क्षणभर फाटलं आणि वर माथा दिसला, अगदी हाताशी असल्यासारखा. पोरांनी आरोळी ठोकली. "एवढ्याशासाठी काय मागे फिरायचं?" बहारुद्दीन म्हणाला. रोस्मियातीलाही तसंच वाटत होतं. माथ्याखालच्या गवतात श्वास घ्यायला थांबले तेव्हा तिने सवयीने मुलं मोजली.

आठ.

तिने पुन्हा मोजली. मग नावं घेतली. आसरुलच्या नावाला उत्तर आलं नाही. सगळ्यांनी रिद्वानच्या छातीवरच्या पिशवीकडे पाहिलं.

"कड्याखाली तो माझ्या मागे होता," रिद्वान म्हणाला. "मला म्हणाला, लघवीला जातो, तू हो पुढे. मला वाटलं मागे दादा आहेत."

बहारुद्दीनचा चेहरा राखेसारखा झाला. त्या पिशवीत आसरुलचं जाकीट होतं. पाणी होतं, केळीच्या पानातला भात होता. आणि त्याची शिट्टी होती.

"मी एकटा खाली जातो," बहारुद्दीन म्हणाला. "तू पोरांना वर ने. गळपट्टा घे आणि ये. चार पावलांवर तर आहे."

"नाही, दादा."

"अगं, वर्षभर घाम गाळलाय त्यांनी!"

"वाट चुकलेला एक आहे, तेवढा पुरे. सगळे खाली जायचं. एकत्र."

एका लहान मुलीने माथ्याकडे बघून डोळे पुसले. त्यांनी पाठ फिरवली आणि पाऊस सुरू झाला.

खाली उतरताना सगळे ओरडत होते, शिट्ट्या फुंकत होते. कड्याखाली वेत तोडणाऱ्यांची एक पुसट पायवाट उजवीकडे दरीत गेलेली होती. तिच्या तोंडाशी चिखलात बुटाचा एकच ठसा होता, पाण्याने भरलेला. धुक्यात झाडीतून बाहेर पडलेल्या पोराला हीच वाट खरी वाटली असणार!

बहारुद्दीन त्या पायवाटेने धावत सुटला. रोस्मियाती "सावकाश" म्हणेपर्यंत त्याचा पाय शेवाळावरून सटकला. तो घसरला, आपटला, एका मुळाला अडकून थांबला. गुडघा बाजूला वळला होता. मुलांनी त्याला ओढून वर घेतलं. थंडी आता हाडांत शिरली होती. त्या लहान मुलीचे ओठ निळे पडले होते आणि ती विचारलेल्या प्रश्नाला भलतंच उत्तर देत होती.

रोस्मियाती पायवाटेच्या तोंडाशी उभी राहिली. दरीत पांढऱ्या धुक्याशिवाय काही नव्हतं. तिने हाक मारली. एकदा, दोनदा, घसा फाटेपर्यंत. मुलंही ओरडत होती. पाऊस पानांवर कोसळत होता. तासाभरात अंधार पडणार होता. तिला वाटलं, इथेच चिखलात बसावं आणि कुणीतरी मोठ्या माणसाने येऊन काय करायचं ते सांगावं. मग तिच्या लक्षात आलं की ते मोठं माणूस तीच आहे.

"खाली जायचं," ती म्हणाली.

तेन्री तिच्या समोर आली. "त्याला सोडून?"

"हो."

"ताई, तो इथेच कुठेतरी आहे. तुम्हाला माहितीये तो इथेच आहे."

"माहितीये. आणि ही पोरगी इथे थांबली तर सकाळ बघणार नाही. दादांना चालता येत नाही. गावातून दोर घेऊन माणसं आणायची तर आत्ता निघायला हवं."

"मी थांबते मग."

"तू थांबणार नाहीस. तुझ्या पायांची मला गरज आहे." तिने रिद्वानकडून आसरुलची पिशवी घेतली. "मला शिव्या दे. पण चालता चालता दे."

आसरुलची पिशवी तिने वाटेवरच्या फांदीला बांधली, जाकीट वर, शिट्टी त्याच्याही वर. मग लहान मुलीला स्वतःच्या पिशवीतल्या कोरड्या सदऱ्यात गुंडाळून पाठीवर घेतलं. रिद्वान आणि आणखी एकाने बहारुद्दीनला खांदा दिला. पुढे तेन्री. सगळ्यात शेवटी रोस्मियाती, आणि मळे लागेपर्यंत ती जागा तिने सोडली नाही. तेन्रीने शिव्या दिल्या नाहीत.

बहारुद्दीन वाटेत एकदाच बोलला. "मी पुढे यायला नको होतं."

"मी बोलावलं, दादा."

"तरी यायला नको होतं."

गावातली माणसं त्याच रात्री निघाली. रोस्मियाती आसरुलच्या आईच्या दारात गेली आणि तिने जे घडलं ते सांगितलं, काही न गाळता. आईने ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं.

सकाळी उन्हं वर आल्यावर तो सापडला. वेताच्या पायवाटेखाली, एका झाडाच्या ढोलीत, पानं अंगावर ओढून बसलेला. घोटा मोडला होता. अंग इतकं गार होतं की उचलणाऱ्यांना आधी वाटलं उशीर झाला. पण श्वास होता. श्वास होता! गळपट्टा त्याच दिवशी शेजारच्या पथकाने खाली आणला.

तिसऱ्या दिवशी रोस्मियाती शहरातल्या दवाखान्यात गेली. आसरुलची आई तिला पाहून बाहेर निघून गेली. पोराचा पाय प्लास्टरमध्ये होता. गाल बसले होते. ती खाटेशेजारी उभी राहिली.

"मला तुमचे आवाज येत होते," तो म्हणाला. "शिट्ट्या पण. मी ओरडत होतो. तुम्ही सगळे एकदमच ओरडत होता ना, म्हणून तुम्हाला नाही ऐकू आलं."

एकदा तरी सगळ्यांना गप्प करून कान द्यायला हवा होता, हे तिला तिथे, त्या खाटेपाशी कळलं.

"मग आवाज खाली खाली गेले," तो म्हणाला. "मला वाटलं, तुम्ही मला विसरलात."

विसरलो असं कसं होईल, वेड्या, असं म्हणणं सोपं होतं.

"विसरले नव्हते," रोस्मियाती म्हणाली. "तू तिथे आहेस हे मला माहीत होतं. तरी मी निघाले. बाकीच्यांना न्यायचं ठरवलं आणि तुला सोडलं. ते मी ठरवलं, दुसऱ्या कुणी नाही."

आसरुलने तोंड भिंतीकडे केलं. बाहेर कुणीतरी बादली ओढत नेत होतं. ती निघायचं म्हणत होती, पण खाटेपाशीच उभी राहिली. मग भिंतीकडे तोंड ठेवूनच, दुखऱ्या पायाला दोन्ही हातांनी धरून, तो थोडा पलीकडे सरकला.

खाटेच्या काठावर एका माणसापुरती जागा झाली. रोस्मियाती बसली.