थोरल्या मास्तरांची घंटा

काम तसं साधंच होतं. डोंगरावरच्या गावी बहिणीकडे राहायला गेलेल्या सासूबाईंना घरी घेऊन यायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, आणि रस्ता खचल्यामुळे वर जाणारी बस बंद होती. "अहो, तुम्हीच जा. उजेडात निघा आणि उजेडात परत या," असं बायकोने फर्मावलं आणि धाकट्या मास्तरांनी चावी उचलली.

गाडी होती त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलची. छोटी, बुटकी, टपावर 'शिकाऊ' अशी पाटी मिरवणारी. डावीकडे, शिकवणाऱ्याच्या पायाशी, दुसरा क्लच आणि दुसरा ब्रेक. हा दुसरा ब्रेक दाबला की डॅशबोर्डखालची पितळी घंटा वाजायची. टण्! ही थोरल्या मास्तरांची, म्हणजे धाकट्या मास्तरांच्या सासऱ्यांची, कल्पना. ते स्वतः गावातल्या निम्म्या लोकांना गाडी शिकवून बसले होते आणि उरलेल्या निम्म्यांना त्यांनी रडवलं होतं. त्यांचा नियम एकच. शिकणाऱ्याने चूक केली की घंटा. एका परीक्षेत तीन घंटा झाल्या की थोरले मास्तर शांतपणे म्हणायचे, "उतरा. जागा बदला." मग त्या बिचाऱ्याने निमूट उतरायचं, गाडीच्या पुढून वळसा घालून डावीकडे येऊन बसायचं, आणि थोरले मास्तर स्वतः गाडी परत न्यायचे. भर बाजारातून.

धाकट्या मास्तरांचंही लग्नाआधी हेच झालं होतं. पहिल्या दोन घंटा कशाच्या होत्या हे आता आठवत नव्हतं, पण तिसरी चांगली आठवत होती. दिमाखात गाडी थांबवून ते उतरले, हँडब्रेक ओढायला विसरले, आणि गाडी सावकाश मागे जाऊन होणाऱ्या सासूबाईंच्या फुलझाडांवर टेकली. थोरल्या मास्तरांनी त्यांना मुलगी दिली, पुढे स्कूलही दिलं, पण पास काही केलं नाही. सरकारी लायसन्स खिशात असलेला, शेकडो लोकांना शिकवणारा हा माणूस घरात मात्र जन्माचा नापास होता. शेवटच्या आजारपणातसुद्धा थोरल्या मास्तरांनी जावयाचा हात धरून म्हटलं होतं, "बरा झालो की एकदा डोंगरातल्या रस्त्यावर घेऊ तुमची परीक्षा." ते बरे झाले नाहीत. परीक्षा राहूनच गेली, आणि धाकट्या मास्तरांना त्यांच्या जाण्याचं जितकं दुःख झालं तितकीच ही गोष्टही मनाला लागून राहिली.

डांबरी रस्ता संपला आणि गाडीचे हाल सुरू झाले. खड्डे चुकवायचे तर दगड, दगड चुकवायचे तर दरी. दर चार हातांवर एखादा धोंडा गाडीच्या पोटाला खरवडत जाई. वरून येणाऱ्या एका ट्रकवाल्याने टपावरची पाटी वाचली आणि काच खाली करून विचारलं, "पहिलाच दिवस का?" धाकट्या मास्तरांनी त्याला उत्तर देण्याच्या लायकीचं समजलं नाही.

थोडं पुढे गेल्यावर धुकं उतरलं. आधी दरी गेली, मग समोरची झाडं गेली, शेवटी बॉनेटच्या पुढे काही उरलं नाही. इंजिनाची घरघर आणि चाकांखालची खडी एवढंच ऐकू येत होतं. आणि गाडीत कसलासा वास यायला लागला. ओळखीचा. सर्दीवर छातीला चोळतात त्या मलमाचा. थोरले मास्तर बाराही महिने तो मलम चोळूनच गाडीत बसत.

"डबी कुठेतरी राहिली असेल," धाकटे मास्तर मोठ्याने म्हणाले, आणि ट्रकवाल्यावरच्या रागात त्यांनी पुढचं वळण जरा जोरातच घेतलं.

टण्!

गाडी गचका खाऊन थांबली, बंद पडली. समोर, हातभर अंतरावर, रस्त्याच्या मधोमध म्हशीएवढी दरड नुकतीच पडलेली होती. धाकट्या मास्तरांचा पाय अजून ॲक्सिलरेटरवरच होता. त्यांनी मान हळूहळू डावीकडे वळवली. सीट रिकामी होती. खाली दुसऱ्या ब्रेकचा पेडल मात्र पूर्ण दाबलेला होता. मग तो सावकाश वर आला... एखाद्याने पाय उचलावा तसा.

"नमस्कार," धाकटे मास्तर कसेबसे म्हणाले. दुसरं काय म्हणणार? सासरे ते सासरेच.

गाडी वळवायला जागा नव्हती. त्यांनी दरडीच्या कडेने, आरसा मिटून, जीव मुठीत धरून गाडी काढली आणि पुढे सगळं अगदी पुस्तकाप्रमाणे करायला सुरुवात केली. वळणावर हॉर्न, चढावर पहिला गिअर, निर्मनुष्य रानात इंडिकेटर. एका माकडाला त्यांनी हाताने 'आधी तुम्ही' असंही सुचवलं. तेवढ्यात फोन वाजला. सवयीने त्यांनी तो कानाला लावला.

"पोचलात का हो?" बायकोने विचारलं.

टण्!

"काय वाजलं?"

"काही नाही... तुझे वडील," असं म्हणून त्यांनी फोन मागच्या सीटवर फेकला. दोन झाल्या. तिसरी झाली की जागा बदलायची. आणि थोरल्या मास्तरांची हल्लीची जागा कुठली होती, हे आठवून धाकट्या मास्तरांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. त्यांना अजून चार वर्षं गाडीचे हप्ते फेडायचे होते, मुलीचं शिक्षण व्हायचं होतं. एवढ्यात जागा बदलणं त्यांना मुळीच परवडणारं नव्हतं.

सासूबाई पिशवी घेऊन बहिणीच्या दारात तयारच होत्या. एका डोळ्याला दिसत नव्हतं, दुसऱ्याला धूसर दिसत होतं. धाकट्या मास्तरांनी अदबीने पुढचं दार उघडलं. सासूबाईंनी आत वाकून पाहिलं, जरा हुंगलं, आणि मागचं दार स्वतःच उघडून त्या बसल्या.

"आई, पुढे बसा ना. मागे धक्के बसतील."

"पुढे कशी बसू? मांडीवर बसू का त्यांच्या, या वयात?"

"तुम्हाला... दिसतात?"

"मला कुठलं काय दिसतंय, जावईबापू? मलमाचा वास येतोय. किती झाल्या?"

"दोन."

"मग बेताने चालवा हो," सासूबाई काळजीने म्हणाल्या. "ते नियमात कुणाची गय करत नाहीत. मीही तीनदा नापास झालेय."

उतरताना धाकट्या मास्तरांनी जन्मात चालवली नव्हती अशी गाडी चालवली. धुक्यात मध्येच कुठेतरी पाण्याचा आवाज वाढत गेला आणि त्यांनी वेळीच, स्वतःच्या पायाने, गाडी थांबवली. चढताना धड असलेली मोरी आता अर्धी वाहून गेली होती. उरला होता जेमतेम गाडीच्या रुंदीचा पट्टा, आणि त्याच्या कडेची माती अजून ढासळत होती.

त्यांनी हँडब्रेक ओढला, तो ओढल्याची दोनदा खात्री केली, खाली उतरून दगड रचले, पाय आपटून पाहिले. सासूबाईंना आधी हाताला धरून पलीकडे नेऊन उभं केलं. मग एकटे परत येऊन बसले. एकटे म्हणजे... तसे एकटेच.

पहिला गिअर. क्लच अर्धा. डावं चाक पोकळीवरून गेल्यासारखं वाटलं. डावीकडचा पेडल थरथरला, केसभर खाली गेला. घंटेची जीभ हलली. धाकट्या मास्तरांनी तोंडातल्या तोंडात म्हटलं, "आता दाबलात तर दोघेही खाली जाऊ... म्हणजे मी जाईन." पेडल तिथेच थांबला. मागचं चाक पलीकडे लागलं, आणि मागे मोरीचा तो पट्टा हळूच पाण्यात गेला.

सासूबाई पुन्हा मागे येऊन बसल्या, आणि थोड्या वेळाने मलमाचा वास विरळ झाला. "गेले वाटतं," सासूबाई पुटपुटल्या, आणि पदराने डोळे पुसले. इतक्या वर्षांनी धाकटे मास्तर पास झाले होते.

घरासमोरच्या चढावर गाडी थांबली तेव्हा अजून उजेड होता. बायको धावत बाहेर आली. धाकट्या मास्तरांना आता कधी एकदा सांगतो असं झालं होतं. दार उघडून त्यांनी उडीच मारली आणि दोन्ही हात वर करून ओरडले, "अगं, पास झालो! तुझ्या वडिलांनी मला..."

सासूबाई डिकीतली पिशवी काढायला गाडीच्या मागे गेल्या होत्या. गाडी सावकाश मागे निघाली.

टण्!

सासूबाईंच्या गुडघ्यांपासून वीतभर अंतरावर ती थांबली. धाकटे मास्तर पडत-धडपडत गेले, हँडब्रेक ओढला आणि तसेच स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसले. सासूबाईंनी डिकीवर हलकीच थाप मारली. "वाचवलंत हो," त्या म्हणाल्या. हे जावयासाठी नव्हतं.

त्या रात्री धाकट्या मास्तरांनी चावी उशाखाली ठेवली आणि गाडीला बाहेरून कुलूप आहे का हे पाहायला ते सारखे उठत राहिले. जागा कुणीच बदलली नाही. सकाळी जिवंत उठल्याचं पाहून त्यांनी आनंदाने दोन कप चहा घेतला.

हॉस्पिटलला निघायला म्हणून त्यांनी कुलूप काढून गाडीचं दार उघडलं आणि ते तसेच उभे राहिले. त्यांच्या बुटक्या बांध्याला जुळेल अशी नेहमी पुढे ओढलेली ड्रायव्हरची सीट पार मागे सरकवलेली होती, एखाद्या उंच माणसासाठी. आरसाही वर वळवलेला. आणि डावीकडची सीट होती पुढे ओढलेली, नेमकी त्यांच्या मापाची.

सासूबाई तोवर मागचं दार उघडून बसल्याही होत्या. "नियम म्हणजे नियम, जावईबापू," त्या म्हणाल्या. "या, पुढून वळसा घालून. ऑपरेशनला उशीर होतोय."

धाकटे मास्तर निमूट गाडीच्या पुढून गेले आणि डावीकडे येऊन बसले. मलमाचा वास आता चांगलाच ताजा होता. उजवीकडच्या रिकाम्या सीटचा पट्टा खट्कन लागला. इंजिन सुरू झालं, इंडिकेटर लुकलुकला, आणि सगळ्यात शेवटी, सावकाश, हँडब्रेक खाली गेला.

चावी धाकट्या मास्तरांच्या मुठीतच होती.