लाल पुलाचा नाका

१८४३च्या उन्हाळ्यात आमच्या वेल्समध्ये टोलला विटलेले दांडगे गडी बायकांचे झगे घालून, तोंडाला काजळी फासून टोलनाके फोडत हिंडत होते. म्होरक्या व्हायचा आंधळी आई, बाकीचे तिच्या लेकी. आई काठीनं फाटक चाचपायची आणि म्हणायची, ‘बाळांनो, माझ्या वाटेत काहीतरी आहे.’ लेकींनी विचारायचं, ‘काय आहे, आई?’ मग कुऱ्हाडी चालायच्या.

लाल पुलाच्या नाक्यावर माझा नवरा इमरिस आई होणार होता. गडी एवढा धिप्पाड, की त्याला फक्त त्याच्या आईचाच झगा बसायचा. सासूबाई, मार्गेडबाई, गेल्या हिवाळ्यात त्याच नाक्यावर गेल्या. वैद्याकडे नेताना नाकेवाला उठेना; बंद फाटकापुढे, गाडीतच संपल्या. म्हणून इमरिसचा सगळा राग त्या फाटकावर.

खरं काय ते मला एकटीला ठाऊक होतं. इमरिस शेतात टाकायचा चुना आणायला गेला असताना सासूबाईंचं नि माझं भांडण जुंपलं आणि मी त्यांना बाहेर ठेवून कडी घातली. तासभर त्या गारठ्यात उभ्या होत्या. खोकला तिथूनच लागला. इमरिसला कळलं असतं तर त्यानं जन्मात माझं तोंड पाहिलं नसतं. मी मूग गिळून बसले.

ठरल्या दिवशी दुपारीच इमरिस गवताच्या गंजीवरून पडला आणि पाय मोडून बसला. झगा पेटीतच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचा बेनो लोहार हसत आला. ‘वहिनी, तुमच्या दादल्यानं काल काय नक्कल केली हो म्हातारीची! खोकलासुद्धा हुबेहूब!’

‘थट्टा पुरे, बेनो,’ इमरिस आतून खेकसला. ‘मी कालपासून या खाटेवर पडलोय.’

बेनोनं आत डोकावून इमरिसच्या पायाला बांधलेल्या फळ्या पाहिल्या. त्याचं हसू मावळलं.

‘मग नाका पाडल्यावर, “अजून एक दार राहिलंय,” असं कोण म्हणालं?’

तो गेल्यावर मी पेटी उघडली. झगा घडीतच होता. पण घेर गुडघ्यापर्यंत ओला, चिखलानं भरलेला.

संध्याकाळी उजेड असतानाच मी कडी घातली.

बाहेर कुणीतरी खोकलं.

काठी दारावर फिरू लागली. खालून वर, सावकाश.

‘बाळा, माझ्या वाटेत काहीतरी आहे.’

मी इमरिसच्या तोंडावर हात ठेवायला धावले. उशीर झाला होता.

‘काय आहे, आई?’ त्यानं विचारलं.

‘कडी आहे रे. त्या दिवशी होती, तीच.’

इमरिसनं माझ्याकडे पाहिलं, मग कडीकडे, आणि मोडका पाय जमिनीवर टेकवला.