वायर गुंडाळून ठेवली होती

ही गोष्ट ज्यांना खोटी वाटेल, त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. मला ती माझ्या सख्ख्या आत्यानं सांगितली. आत्यानं आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. भुताखेतांवर तिचा विश्वास नव्हता. शेवटपर्यंत नव्हता.

तरी तिनं ही सांगितली.

रात्र नव्हती. अमावास्या नव्हती. रविवारची भर दुपार होती. साल १९५३, फाल्गुन संपत आलेला. जागा... कल्याणहून शहाडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा क्षयरोग्यांचा एक धर्मादाय दवाखाना. लष्कराच्या जुन्या बराकींत चालायचा. आज त्या जागी काय आहे ते मला माहीत आहे, पण सांगणार नाही. तिथं माणसं राहतात.

आत्याचं नाव मंदाकिनी. आम्ही डोंबिवलीचे. ती मुंबईला कॉलेजात इंजिनिअरिंग फिजिक्स शिकत होती. वर्गात एकटी मुलगी.

तिथल्या विद्यार्थ्यांचं एक मंडळ होतं. त्यात ठाणे, कळवा, कल्याण इकडची पोरं जास्त. सुट्टीच्या दिवशी शाळांचे बिघडलेले रेडिओ दुरुस्त करायचे. मॅट्रिकच्या मुलांना फुकट शिकवायचे. टिटवाळ्याच्या देवळाबाहेर दुर्बीण लावून लोकांना शनीची कडी दाखवायचे. म्हाताऱ्या बायका आधी शनीला हात जोडायच्या, मग दुर्बिणीला डोळा लावायच्या. हे सांगताना आत्या हसायची.

पण मंडळाचं सगळ्यात जास्त नाव झालं ते टेलिफोनमुळे.

युद्ध संपल्यावर कल्याणच्या छावणीतलं लष्करी सामान भंगारात निघालं होतं. त्यातले दोन टेलिफोन मंडळानं घेतले. कातडी पेटी, आत सेल, बाजूला फिरवायचा दांडा. इकडं दांडा फिरवला की तिकडं घंटा वाजायची. त्या दवाखान्यात जास्त आजारी माणसांना भेटायची बंदी होती. लांबून आलेले नातेवाईक फाटकाशी बसून रडून परत जायचे. मग मंडळानं फाटकापासून वॉर्डाच्या पडवीपर्यंत बांबूंवरून वायर ओढली. दर रविवारी एक फोन फाटकाशी, एक पडवीत.

फाटकाशी आत्या बसायची.

पडवीत अच्युत कर्णिक.

अच्युत मंडळाचा सेक्रेटरी. ठाण्याचा. देखणा, बोलका, नकला करण्यात पटाईत. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये तो प्राध्यापकांचे आवाज काढायचा तेव्हा प्राध्यापकच वळून बघायचे. त्याच्याशी आत्याच्या लग्नाची बोलणी झालेली. परीक्षा संपली की साखरपुडा.

दर रविवारी कळव्याहून तुळसा यायची. सोबत सासरा, काळुराम. मिठागरावर राबणारी माणसं. तिचा नवरा गोविंदा त्या वॉर्डात होता. तुळसाला दिवस गेलेले, आणि गरोदर बाईला तर आत कुणी पाऊलही टाकू देत नव्हतं.

बोलताना रिसिव्हरच्या दांडीवरचं बटण दाबावं लागायचं. तुळसाला ते सुरुवातीला जमेना. म्हणून आत्याच तिच्या कानाशी रिसिव्हर धरायची. त्यामुळे गोविंदाचं बोलणं आत्यालाही ऐकू यायचं.

काय बोलायचा? भांडायचा!

"ए तुलशे, कवलां गल्तान नं तू बसून ऱ्हायलीस?"

घराची कौलं, सुकवलेली मासळी, कुणाला तरी दिलेलं फावडं... प्रत्येक गोष्टीवरून ओरडायचा. मध्येच खोकायचा. दोन आखूड खोकले, मग एक लांबलचक. तुळसा इकडं पदर तोंडाशी धरून हसायची.

मग शिमग्याच्या सुमाराला एका रविवारी...

गोविंदा खोकला नाही.

एकदाही नाही. आवाज तोच. "तुलशे" म्हणणं तेच. जेवलीस का, जप, ओझं उचलू नको, एवढंच बोलला. आत्याला बरं वाटलं. औषध लागू पडलं म्हणायचं!

तुळसा मात्र रिसिव्हर ठेवून तशीच उभी राहिली.

"ताई, औषिदानी मानसाचा सभाव बदलतं कं?"

"का गं?"

"आज त्यो भांडला नाय."

आत्या हसली. जवळच बसलेला काळुराम हसला नाही. तो जमिनीकडे बघत होता.

पुढच्या रविवारी तुळसानं बटण स्वतः दाबलं. आत्या तिच्या खांद्याशी वाकून ऐकत होती. गोविंदा बोलत होता. शांत, गोड. आणि त्या आवाजाच्या मागं...

खोकला.

दोन आखूड. एक लांब.

बोलणं मात्र थांबलं नव्हतं. माणूस बोलत होता, आणि त्याच वेळी खोकत होता.

तुळसानं आत्याकडं पाहिलं.

"खोकला त्याचाच हाय," ती हळूच म्हणाली. "पन लांबशी येतं."

लाईनमध्ये काही दोष असेल, असं आत्याला वाटलं. दोन आवाज मिसळत असतील. "तू बोलत राहा, मी बघून येते," असं म्हणून ती वॉर्डाकडं निघाली. वरचे बांबू, वायर, सांधे बघत बघत पडवीपाशी पोचली.

पडवीत अच्युत एकटाच होता.

रिसिव्हर तोंडाशी. डोळे मिटलेले. आणि त्याच्या तोंडून गोविंदाचा आवाज येत होता.

"तुलशे, रडू नको. मी बरा हाय..."

आत्यानं खिडकीतून आत पाहिलं. गोविंदाच्या खाटेवर दुसराच माणूस झोपलेला होता. कुणी खोकत नव्हतं. सगळा वॉर्ड दुपारच्या झोपेत होता.

अच्युतनं डोळे उघडले. आत्याला बघून तो दचकला, पण आवाज न बदलता त्यानं बोलणं पुरं केलं. "पुढल्या ऐतवारी बोलू" म्हणाला. रिसिव्हर ठेवला.

"कधी गेला?" आत्यानं विचारलं.

"शिमग्याच्या आधी. म्हातारा येऊन घेऊन गेला. इथंच नदीवर सगळं उरकलं."

"आणि तिला?"

"मंदा, ऐकून घे. काळुरामनं माझे पाय धरले. तिची आधीची दोन मुलं पोटातच गेलीत. हे कळलं तर हेही जाईल म्हणाला. बाळंतपण होईपर्यंत, बस. माझं काय जातंय? दोन शब्द बोलायचे."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुझ्या चेहऱ्यावर सगळं दिसतं."

आत्या म्हणाली, त्या क्षणी मला रडू आलं नाही. राग आला तोही नंतर. आधी मला माझ्या हातांची किळस आली. मेलेल्या नवऱ्याचा खोटा आवाज मी माझ्या हातांनी तिच्या कानाशी धरला होता. आणि ज्याच्याशी मी लग्न करणार होते, तो पलीकडून हे जाणून होता.

"तुमच्या मागं कोण खोकत होतं?" तिनं विचारलं.

"कुणी नाही. का?"

तिनं पुन्हा खिडकीतून आत पाहिलं. एवढंच म्हणाली, "पुढच्या रविवारी तुम्ही बोलायचं नाही. लाईन बंद म्हणून सांगा. तिला खरं काय ते तिच्या घरच्यांनी सांगावं."

अच्युत कबूल झाला. काळुरामला त्यानं बाजूला घेऊन तसं सांगितलं. त्याच दिवशी त्यानं बांबूंवरची वायर उतरवली आणि रिळावर गुंडाळली.

आठवडा गेला. आत्या रोज ठरवायची, कळव्याला जावं, तुळसाला सांगावं. रोज वाटायचं, हे आपण कसं सांगणार? पोटातल्या पोराला काही झालं तर? आणि काळुराम सांगेलच की.

रविवार आला. भर दुपार.

तुळसा आली. हिरव्या बांगड्या, कपाळभर कुंकू. दिवस भरत आलेले.

मागून काळुराम आला. त्यानं तिला सांगितलं नव्हतं.

फाटकाशी स्टुलावर इकडचा फोन. त्यातले सेल काढून आत्यानं पिशवीत ठेवलेले. वायरचं रीळ खाली, अच्युतच्या पायाशी. आणि पडवीतला फोन... तो अच्युतच्या खांद्यालाच लटकत होता. दोन्ही फोन दुरुस्तीला नेतोय असं दाखवायला तो घेऊन आलेला.

"लाईन तुटलीय," अच्युत म्हणाला. "आज बोलणं होणार नाही."

तुळसानं वर बघितलं. रिकामे बांबू.

"बरा," ती म्हणाली. करंजाच्या सावलीत टेकली. "जरा बसून जातंव."

कावळाही ओरडत नव्हता. आत्याला पाण्याच्या माठावरून ओघळणारा थेंब ऐकू येत होता.

आणि...

घंटा वाजली.

स्टुलावरच्या फोनची.

ही घंटा सेलवर वाजत नाही. पलीकडच्या माणसाला दांडा फिरवावा लागतो, आणि मध्ये वायर असावी लागते. वायर खाली गुंडाळलेली होती. पलीकडचा फोन अच्युतच्या खांद्यावर होता. त्याचा दांडा हलत नव्हता.

पुन्हा वाजली. लांब. कुणीतरी घाईघाईनं फिरवत असावं तशी.

अच्युत मागं सरकला.

तुळसा उठली आणि तिनं रिसिव्हर उचलला.

"हां... मीच."

तिनं बटण दाबलं नव्हतं. तरी तिचं बोलणं पलीकडं पोचत होतं, कारण ती थांबून ऐकत होती, मान हलवत होती. आणि तिचा चेहरा खुलला! कितीतरी दिवसांनी.

"कं वरडतंस माझ्यावर?" ती म्हणाली. "बोल नं... बोल. ऐकतंय मी."

मग ती ऐकत राहिली.

हळूहळू हसू गेलं. मग चेहऱ्यावर काहीच उरलं नाही.

"मंग त्यो कोन व्हता?" तिनं विचारलं.

उत्तर ऐकलं. वळली. आणि तिनं अच्युतकडं पाहिलं.

रिसिव्हर त्याच्यापुढं धरला.

"घ्या. तुमाला बोलवतंय."

अच्युत नाही म्हणत होता. मानेनं, हातानं. तरी त्याचा हात पुढं गेला. त्यानं रिसिव्हर कानाला लावला. आत्या त्याच्या अगदी शेजारी होती. तिनं स्पष्ट ऐकलं. आधी खोकला. दोन आखूड, एक लांब.

या वेळी लांबून नाही. अगदी जवळून.

मग गोविंदाचा आवाज.

"माझा आवाज परत दे."

अच्युतनं तोंड उघडलं. ओठ हलले. घशाची शीर फुगली. पण आवाज...

आवाज निघाला नाही.

रिसिव्हर त्याच्या हातून पडला.

तुळसानं तिकडं पाहिलंही नाही. ती सासऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, कवा?"

काळुराम मटकन खाली बसला. "पोरी, तुझ्या पोटासाठी केला गं. शिमग्याच्या आधी..."

"शिमग्याला मी नाचले," तुळसा म्हणाली. "होलीपुढं फेर धरला मी. गानी बोलले. तुमी बघत व्हते, बाबा. सगला गाव बघत व्हता?"

म्हाताऱ्यानं मान खाली घातली. म्हणजे सगळ्या गावाला माहीत होतं.

तुळसानं दोन्ही हात फाटकाच्या लोखंडावर आपटले. बांगड्या फुटल्या. ती रडली नाही. एकटीच स्टेशनच्या रस्त्यानं चालायला लागली. आत्या तिच्या मागं धावली, तेव्हा तिनं हातानंच थांब म्हटलं.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगते.

अच्युतचा आवाज परत आला नाही. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी घसा तपासला. घशात काही दोष नव्हता. त्यानं कॉलेज सोडलं. त्याचे वडील लग्नाचं विचारायला आमच्याकडं आले, तेव्हा आत्यानं स्वतः बाहेर येऊन नाही म्हणून सांगितलं. आवाज गेला म्हणून नाही, हेही सांगितलं. तिनं पुढं लग्न केलं नाही.

दोन्ही फोन तिनं प्राध्यापकांसमोर उघडले. घंटा तपासली, तारा तपासल्या. वायरशिवाय घंटा कशी वाजेल, याचे जेवढे प्रयोग सुचले तेवढे केले.

एकदाही वाजली नाही.

तुळसाला मुलगा झाला. माहेरी. चांगला धडधाकट. सासरी ती परत गेली नाही. तो मुलगा चालायला लागल्यावर आत्या एकदा तिला भेटायला गेली होती. तुळसा अंगणात मासळी सुकवत होती. तिनं पाट दिला, पाणी दिलं. आत्यानं धीर करून विचारलं, "तुळसा, त्या दिवशी गोविंदा तुला काय काय बोलला?"

"ते माझा हाय," तुळसा म्हणाली. मासळी पालथी करत राहिली. मग मान वर न करता तिनं विचारलं,

"ताई, तुमाला आदी कललेला नं?"

आत्यानं हो म्हटलं. आठवडाभर आधी.

तुळसा शांतपणे म्हणाली, "मेलेला मानूस येऊन सांगून गेला. तुमी तं जित्या व्हत्या."

ही गोष्ट आत्यानं मला एकदाच सांगितली. घंटा कशी वाजली असेल, असं मी तिला पुन्हा पुन्हा विचारलं. ती म्हणाली, घंटेचं मला आता काही वाटत नाही गं.

मला वाटतं. अजून वाटतं. भर दुपारी घरात एकटी असले आणि फोन वाजला, की मी लगेच उचलत नाही...