पालथी टोपली

"मामा, ते कानांवरचं काढा आणि आधी माझं ऐका," प्रमोदिनी म्हणाली.

मोरोपंतमामांना काही ऐकू आलं नाही. त्यांच्या कानांवर दोन काळ्या वाट्या होत्या, पाठीवर बॅटरीची पेटी होती आणि लांब दांड्याच्या टोकाला बसवलेलं एक ताटाएवढं चाक ते वर्धा नदीच्या वाळूवरून फिरवत होते. लढाईत असली यंत्रं जमिनीत पुरलेले सुरुंग हुडकायची. लढाई संपली आणि मामांनी हे एक जबलपूरच्या लिलावात उचललं. खाली धातू असला की कानातली गुणगुण चढते. कौंडण्यपूरची कार्तिकातली यात्रा कालच उठली होती. एवढ्या माणसांच्या अंगावरून वाळूत काय काय गळलं असेल, या विचारानं मामा सकाळपासून खुशीत होते.

आतापर्यंत हाती लागलं होतं ते असं: बैलाचा नाल, बिड्यांच्या डबीचं झाकण, एक ढब्बू पैसा आणि खिळेच खिळे. प्रमोदिनीचा धाकटा भाऊ नारायण ते खिळे टोपीत गोळा करत होता. अजून थोडे मिळाले तर एक खाट ठोकता येईल, असं त्यानं मामांना गंभीरपणे सांगितलं.

प्रमोदिनीला हसू आलं नाही. तिचं डोकं परवापासून तापलं होतं, आणि तापावं असंच घडलं होतं.

परवा पौर्णिमेला सत्यभामाकाकूंनी काठावर वाळूची पिंड करून पूजा केली. बेल-फुलं माणिकबाई माळणीची. ती घाटाच्या पायरीवर फुलं विकायची. तिची मुलगी शकुन, प्रमोदिनीच्याच वयाची, बेल निवडून द्यायला काकूंच्या जवळ बसली होती. पूजा आटोपली, पिंड पाण्यात सोडली, आणि परत निघताना काकूंच्या लक्षात आलं की उजव्या हातातली अंगठी नाही. अंघोळीआधी आपण ती पदराच्या गाठीत बांधली होती, असं त्या ओरडून सांगू लागल्या. मग गाठ कुणी सोडली? काकूंनी बोट दाखवलं ते शकुनकडे.

उरलेलं बापूसाहेबांनी केलं. बापूसाहेब म्हणजे प्रमोदिनीचे वडील, अमरावतीचे नावाजलेले वकील. कोर्टात पुराव्याशिवाय अशिलाला बोट लावू न देणारा माणूस! पण इथे, भर यात्रेत, त्यांनी माणिकबाईला फुलांची टोपली वाळूत पालथी करायला लावली. शकुनची वेणी सोडून पाहायला लावली. काही निघालं नाही. तरी देवळाच्या पंचांनी फर्मावलं की अंगठी मिळेपर्यंत मायलेकींनी घाटावर बसायचं नाही. मळ्यात झेंडू ऐन बहरात आणि विकायची जागा गेली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, पण इथे चोरच नव्हता, नुसत्या बोंबा होत्या.

प्रमोदिनीनं शेवटी मामांच्या कानांवरची एक वाटी ओढून काढली. संध्याकाळी मोटार निघायच्या आत अंगठी शोधायची, असं तिनं बजावलं. मामांना काय, सगळी वाळू सारखीच. नारायण धावत मळ्यात गेला आणि शकुनला घेऊन आला. ती आली, पण लांबच उभी राहिली.

"मले काहून बलावलं?"

"तुझ्यावरचा आळ घालवायला. अंगठी शोधतोय आम्ही."

"अन् सापडली तं? तुमचे बाबा म्हणतीन, इनंच पुरली होती, भेव वाटलं म्हून दाखवून देल्ली."

आपले बाबा अगदी असंच म्हणतील हे प्रमोदिनीला ठाऊक होतं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

"काकू तर इकडे येतानाच चिडल्या होत्या," नारायण खिळे मोजता मोजता म्हणाला. "पूजेतलं सोन्याचं फूल घरी देवघरातच राहिलं म्हणून."

प्रमोदिनी गर्रकन वळली. घरच्या पूजेत गुरुजी 'सोन्याचं फूल' म्हणाले की काकू ते फूल पिंडीच्या माथ्यावर ठेवत आणि वर बेलाची रास घालत. दुसऱ्या दिवशी निर्माल्य निवडताना फूल पुन्हा डबीत जाई. मग परवा फुलाच्या जागी त्यांनी काय वाहिलं?

शकुनला सांगता येईना. "मी खाली पाहून बेल निवडून राहिली होती. काकू त्या अकोल्याच्या बाईसंग सुनेच्या गोष्टी करून राहिल्या होत्या. हात पूजेत, तोंड गोष्टीत."

प्रमोदिनी धर्मशाळेत जाऊन काकूंनाच विचारून आली. "वाहिल्या असतील अक्षता," काकू खेकसल्या. त्या 'असतील'नंच प्रमोदिनीला वाट दाखवली.

तिनं भोळा चेहरा करून काकूंना सुचवलं की परवासारखीच पूजा त्याच जागी पुन्हा केली तर हरवलेलं सापडेल. काकूंना ते फारच पटलं. नारायणनं अकोल्याच्या वकिलीणबाईंना गाठलं, बापूसाहेबांना आणि पंचांना घाटावर आणलं. शकुनची मात्र एक अट होती. यंत्र आधी चालवायचं नाही, आधी साऱ्यांनी डोळ्यांनी पाहायचं. बेलाची पानं तिनं द्रोणात ठेवली आणि स्वतः मुद्दाम बापूसाहेबांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

गुरुजींनी पूजा सुरू केली. अकोल्याच्या बाई काकूंना खेटून बसल्या होत्या. काकूंच्या सुनेला साधा चहासुद्धा करता येत नाही हे खरं का, असं नारायणनं हळूच विचारलं. मग काय, गप्पांचा बांधच फुटला.

"सोन्याचं फूल वाहा," गुरुजी म्हणाले.

काकूंचं तोंड थांबलं नाही. उजव्या हातानं त्यांनी डाव्या हातातली दुसरी अंगठी काढली, पिंडीच्या माथ्यावर ठेवली आणि वर बेल रचला. "आणि साखर किती घालते, ते तर विचारूच नका," त्या सांगत होत्या.

अकोल्याच्या बाईंनी तोंडाला पदर लावला.

"काकू, डाव्या हातातली अंगठी कुठं आहे?" प्रमोदिनीनं विचारलं.

काकूंनी हाताकडे पाहिलं. मग त्यांची नजर सवयीनं शकुनला शोधू लागली. त्या नजरेचा प्रमोदिनीला असा संताप आला की तिनं पुढे होऊन बेलच बाजूला सारला. पिंडीवर अंगठी होती.

परवाची पिंड काठालाच सोडली होती आणि पाणी आता मागे हटलं होतं. मामांनी तिथल्या ओल्या वाळूवर चाक फिरवलं. आधी अर्थातच एक खिळा निघाला. मग मामा थबकले आणि त्यांनी खाली बोट दाखवलं. नारायण उकरायला वाकला, तशी शकुननं त्याला अडवलं.

"आपन हात नाई लावाचा. वकीलसायेब, तुमीच काढा."

बापूसाहेबांनी उकरलं. अंगठी निघाली, बेलाचं एक कुजकं पान तिच्यात अडकलेलं होतं.

मग कौतुकाला ऊत आला. गुरुजींनी शाबासकी दिली, पंचांनी माना डोलावल्या, आणि माझी मुलगी माझ्यापेक्षा मोठी वकील होणार, असं म्हणत बापूसाहेबांनी प्रमोदिनीच्या पाठीवर हात ठेवला. तिनं तो बाजूला केला.

"बाबा, मला नंतर. शकुनला काय सांगता?"

बापूसाहेब खाकरले. माणिकबाईनं उद्यापासून खुशाल घाटावर बसावं, झालं ते झालं, असं काहीतरी ते म्हणाले.

पायऱ्यांवर तिची आई ताज्या झेंडूंनी भरलेली टोपली घेऊन उभी होती. शकुननं ती टोपली आणली आणि परवाच्याच जागी वाळूत पालथी केली.

"परवा अशीच केली होती," ती म्हणाली. "आता भरा."

पंच एकमेकांकडे पाहू लागले. मग धोतर आवरून बापूसाहेब वाळूत बसले आणि एकेक फूल उचलून, वाळू झटकून टोपलीत टाकू लागले. थोड्या वेळानं काकूही बसल्या. टोपली भरल्यावर काकू खाली मान घालून पुटपुटल्या, "चुकलं माझं."

"मोठ्यानं म्हना, काकू," शकुन म्हणाली. "परवा तुमी लय मोठ्यानं बोलल्या होत्या."

काकूंनी एकदा बापूसाहेबांकडे पाहिलं. ते टोपलीकडे पाहत होते. मग काकू उभ्या राहिल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या. माणिकबाईनं टोपली उचलली आणि आपल्या पायरीवर जाऊन बसली.